कानाला टोचणारं इलेक्ट्रो अंगात का भिनतं?

२००८च्या मे महिन्यात सुट्टीला घरी आलो होतो, तेव्हाची गोष्ट. खोलीत जस्टिस या फ्रेंच जोडगोळीचं ‘वॉटर्स ऑफ नाझरेथ’ लावलं होतं. आई स्वयंपाकघरातून घाईघाईने आली, दारात थबकली आणि म्हणाली, “अरे, मला वाटलं मिक्सरची मोटर जळतेय.” स्पीकरकडे बघत तिने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, “यात ऐकायचं काय असतं रे?”

मला सांगता आलं नाही. “आवडतं मला,” एवढंच म्हणालो. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो रास्त होता. ज्या आवाजाने एक माणूस धास्तावून धावत येतो, त्याच आवाजावर दुसऱ्याला नाचावंसं का वाटतं? या संगीताबद्दल आणि माणसाच्या कानाबद्दल पुढे जे वाचलं आणि अनुभवलं, त्यातून मला पटलेलं उत्तर इथे मांडतोय.

आधी हे संगीत कोणतं ते सांगतो. ‘इलेक्ट्रो’ हा शब्द ऐंशीच्या दशकातला. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या आफ्रिका बंबाटाने १९८२ मध्ये ‘प्लॅनेट रॉक’ काढलं. त्यात जर्मनीच्या क्राफ्टवर्क या गटाच्या धुना होत्या आणि रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचे ठोके. मी बोलतोय ते त्यानंतर वीसेक वर्षांनी आलेल्या, जास्त खरखरीत आणि आडदांड रूपाबद्दल. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं व्यवस्थापन सांभाळणाऱ्या पेद्रो विंटरने २००३ मध्ये पॅरिसला ‘एड बँगर’ नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, सुरू केलं. मेटल हे दणदणीत रॉक ऐकताना डोकं गदागदा हलवणाऱ्यांना ‘हेडबँगर’ म्हणतात. फ्रेंच माणूस बोलताना ‘ह’ गिळतो, त्यातून हा ‘एड बँगर’ झाला. म्हणजे नाचाच्या संगीतात मेटलची रग आणायची हा इरादा पाटीवरच लिहिलेला होता. याच लेबलवर गास्पार ओजे आणि झाविए द रोने यांच्या जस्टिसचा पहिला अल्बम २००७च्या जूनमध्ये आला. रंगमंचावर मध्यभागी उजळलेला क्रूस आणि दोन्ही बाजूंना मार्शल अँप्लिफायरच्या भिंती असा त्यांचा थाट असे.

आता त्या जळक्या मोटरकडे वळू. हा आवाज बनतो कसा, हे समजायला मिरजेला जावं लागेल.

तंबोऱ्याची जवारी लावताना तुम्ही कुणाला पाहिलं असेल. घोडीचा पृष्ठभाग अगदी हलका उतरता घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी आला की नुसती ‘टण्ण’ वाजणारी तार एकदम झंकारायला लागते. तार मोकळी न हलता घोडीला पुन्हा पुन्हा ओझरती शिवते, म्हणून तिच्या मूळ स्वरावर उपस्वरांचा डोलारा उभा राहतो. कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो आणि डोळे मिटून ऐकतो. थोडक्यात, तारेच्या हालचालीत मुद्दाम अडथळा घालून आवाज समृद्ध करायची कला मराठी कानाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

इलेक्ट्रोमधलं डिस्टॉर्शन याच जातीचं आहे, फक्त अडथळा फार मोठा. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त जोराचा आवाज त्यात घातला की लहरींचे गोलाकार माथे वर मावत नाहीत, ते कापले जातात. टेकडीचं पठार होतं. पठाराच्या कडा टोकदार असतात आणि ध्वनीत टोकदार कडा म्हणजे नवे उपस्वर. १०० हर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला १०० कंपनांचा) अगदी साधा, गोल स्वर वरून आणि खालून सारखाच कापला, तर ३००, ५००, ७०० हर्ट्‌झचे स्वर आपसूक तयार होतात. गुळगुळीत बासला, म्हणजे खालच्या पट्टीतल्या जाड आवाजाला, दात फुटतात.

पण जवारीचे उपस्वर शिस्तीत, एकाच मूळ स्वराच्या पटीत असतात. इलेक्ट्रोमध्ये मूळ आवाजातच दोन-चार स्वर एकत्र असतात. ते सगळे एकाच कापणीतून गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही स्वर निर्माण होतात आणि मग एकमेकांच्या अगदी जवळच्या स्वरांची गर्दी होते. जवळच्या दोन स्वरांचं काय होतं, हे तंबोरा जुळवणाऱ्याला सांगायला नको. दोन तारा किंचित बेसूर असल्या की ‘वांव-वांव’ अशी लाट ऐकू येते. पाच हर्ट्‌झचा फरक असेल तर सेकंदाला पाच लाटा. फरक वाढवत तीस-चाळीसपर्यंत नेला की लाटा वेगळ्या ऐकू येत नाहीत. त्यांची खरखर होते, कानावर काथ्या घासल्यासारखी.

या खरखरीचं एक मोठं गुपित २०१५ मध्ये उलगडलं. मेंदूचे अभ्यासक ल्युक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीचा अभ्यास केला. साधं बोलताना आवाजाचा जोर सेकंदाला चार-पाच वेळा कमी-जास्त होतो. किंकाळीत तो ३० ते १५० वेळा होतो. धोक्याचे भोंगेही याच पट्ट्यात असतात. असा आवाज कानी पडला की मेंदूतला अमिग्डला हा भाग, ज्याचा भीतीशी फार जवळचा संबंध आहे, जास्त जागा होतो. म्हणजे त्या दिवशी आईच्या कानाने चूक केलीच नव्हती. जोर पडलेल्या मोटरच्या घुरघुरीत आणि त्या गाण्यातल्या बासमध्ये एकच गुण होता. तिचा मेंदू म्हणाला, बघून ये, काहीतरी बिघडलंय.

शिवाय ‘मोठा’ आणि ‘आक्रमक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. लांबच्या मैदानातली आरोळी कानापर्यंत येते तेव्हा अगदी बारीक झालेली असते, तरी ती आरोळी आहे हे आपल्याला कळतं. कारण घशावर ताण आला की आवाजाचा पोतच बदलतो. मेंदू नुसता जोर मोजत नाही, आवाज काढणाऱ्यावर किती ताण आहे तेही ओळखतो. म्हणून डिस्टॉर्शन घातलेला बास छोट्या स्पीकरवर, हळू आवाजातही अंगावर येतो. हे संगीत ज्यांना नुसता गोंगाट वाटतं त्यांना मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं: यातला आवाजाचा मोठेपणा बराचसा रंगवलेला असतो, आणि तो रंगवायला फार कसब लागतं.

ठीक. आवाज धोक्याचा आहे. मग माणसं पळून जायच्या ऐवजी पुढे का येतात?

याच्या उत्तराचा एक भाग आपल्या ताटात आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी माणसाला मिरची का आवडते यावर बरीच वर्षं संशोधन केलं. मिरचीमुळे जिभेला खरोखर भाजल्याचा संदेश जातो, डोळ्यांतून पाणी येतं. आणि तरी आपण ठेच्याला हात घालतो. रोझिन यांचं म्हणणं असं की शरीर ‘धोका, धोका’ ओरडत असतं आणि मनाला पक्कं ठाऊक असतं की धोका नाही. या दोन्हींमधल्या अंतरातच मजा आहे. भुताच्या गोष्टी, जत्रेतला आकाशपाळणा, सगळं त्यातच आलं.

पण निव्वळ किंकाळ्यांची रेकॉर्ड लावून कुणी नाचत नाही. मिक्सर तासभर फिरवला तरी कुणाला हुरूप येत नाही. तेव्हा आणखी काहीतरी हवं, आणि माझ्या मते ते म्हणजे लय. हे संगीत आवडण्याचं सगळं मर्म मला इथे दिसतं. आवाजाचा पोत सांगतो, ‘पळ!’ आणि लय सांगते, ‘सगळं जिथल्या तिथे आहे.’ पोत जितका बेभरवशाचा, तितकीच लय भरवशाची. बास जनावरासारखा गुरगुरतोय, आवाज मध्येच चिरफाळतोय, तुटतोय, पण खालचा ठोका मात्र मिनिटाला १२० ते १३०च्या आसपास, एकदाही न ढळता पडतोय. भीतीला असं चौकटीत बसवलं की तिची ताकद उरते आणि दहशत जाते. लय काढून घ्या, उरेल तो फक्त कारखाना. पोत गुळगुळीत करा, उरेल ते हॉटेलच्या लिफ्टमधलं संगीत. दोन्ही एकत्र असतात तेव्हाच अंगावर काटा येतो.

लयीचा भरवसा म्हणजे काय हे आपल्याला समेमुळे चांगलं कळतं. तबलजीने तिहाई घेतली की सम कुठे येणार हे श्रोत्याला आधीच दिसायला लागतं, आणि ती नेमकी तिथेच आली की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. क्लबमधल्या संगीतात हीच भूक जाणूनबुजून वाढवतात. बास काढून घेतात. वरचा आवाज चढत जातो, ठोके दुप्पट, मग चौपट होतात. क्षणभर सगळं गप्प. आणि मग बास परत येऊन आदळतो. याला ते ‘ड्रॉप’ म्हणतात. तो कधी येणार हे जवळजवळ प्रत्येकाला माहीत असतं आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो आला की लोक उसळतात.

त्या क्षणी कानाइतकंच अंगही ऐकत असतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने यावर एक सुंदर प्रयोग केला. ऑर्फिक्स या इलेक्ट्रॉनिक जोडीचा खराखुरा कार्यक्रम विद्यापीठाच्या सभागृहात ठेवला. ८ ते ३७ हर्ट्‌झ इतके खालचे आवाज काढणारे खास स्पीकर बसवले आणि ते दर अडीच मिनिटांनी चालू-बंद करत राहिले. हे आवाज जवळपास ऐकूच येत नाहीत. लोकांच्या डोक्याला बांधलेल्या पट्ट्यांवरून त्यांची हालचाल मोजली. स्पीकर चालू असताना लोक ११.८ टक्के जास्त हलत होते. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नंतरच्या चाचणीत लोकांना ते आवाज आहेत की नाहीत हे ओळखताही आलं नाही. अंगाला कळलं होतं, माणसाला कळलं नव्हतं. त्याआधी, २००० साली, मँचेस्टरचे संशोधक नील टॉड यांनी असं मांडलं होतं की साधारण ९० डेसिबलच्या वरचा आवाज आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या एका छोट्या पिशवीलाही चाळवतो. झोक्यावर बसल्यावर जी यंत्रणा जागी होते, तीच ही. ढोल-ताशा पथकासमोर एकदा जरी उभे राहिला असाल, तर छातीच्या पिंजऱ्यात ठोका पडणं म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

ही सगळी गोष्ट टोकाला कुठे गेली हे पाहायचं तर रॉटरडॅमला जावं लागतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या बंदराच्या शहरात ‘गॅबर’ नावाचं संगीत जन्माला आलं. टीआर-९०९ या ड्रम मशीनचा ठोका मिक्सरमधून इतका ओव्हरलोड करायचा की तो ठोका न राहता स्वतःच एक रागीट स्वर होतो. वेग मिनिटाला १६० ते २००, कधी त्याहून जास्त. ट्रॅकसूट घातलेली, डोकं तासलेली कामगार वस्त्यांतली पोरं ‘हाक्कन’ नावाचा नाच करायची. वरचं अंग जवळपास स्थिर आणि पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे. बाहेरच्यांना ती टोळकी वाटायची. काही वंशद्वेषी लोकांनी त्यात शिरकाव केला हे खरं, आणि अनेक कलाकारांनी रेकॉर्डवरून, उघडपणे त्याला विरोध केला हेही तितकंच खरं. पण ‘गॅबर’ या शब्दाचा अर्थ काय, तर दोस्त. ॲमस्टरडॅमच्या बोलीतला, यिडिश भाषेतून आलेला शब्द. जगातल्या अतिशय रागीट संगीतांपैकी एकाचं नाव दोस्त असावं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

त्या काळातला एक लाडका आवाज म्हणजे ‘हूवर’. रोलंडच्या अल्फा जूनो या सिंथेसायझरवरचा हा आवाज १९९१च्या ‘मेंटॅझम’ या रेकॉर्डमधून जोई बेल्ट्रॅमने गाजवला. नाव पडलं ते व्हॅक्यूम क्लिनरच्या कंपनीवरून. आईला मिक्सर आठवला, युरोपातल्या पोरांना झाडलोटीचं यंत्र आठवलं.

तर, दोस्ती. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये आला. एका तालात, एकसारखं नाचलेल्या मुलांची वेदना सहन करण्याची पातळी वाढली आणि एकमेकांबद्दलची जवळीकही. दमेपर्यंत नाचण्याचाही असाच परिणाम दिसला. आक्रमक इलेक्ट्रोत दोन्ही आपोआप घडतं. ठोका इतका ठळक असतो की ज्याला नाचता येत नाही त्यालाही तो सोडत नाही, आणि वेग इतका की दमल्याशिवाय राहत नाही. लांबून जे भांडणासारखं दिसतं, ते आतून बघाल तर अनोळखी माणसांनी एकमेकांना सांभाळून घेणं असतं. कुणी पडला तर चार हात त्याला उचलतात.

‘असं ऐकून मुलं चिडखोर होतील’ ही आईवडिलांची काळजी मी हलकी मानत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये ३९ तरुणांवर एक प्रयोग झाला. हे सगळे मेटल, पंक असं टोकाचं संगीत नेहमी ऐकणारे होते. आधी त्यांना राग येईल अशा आठवणी बोलायला लावल्या, मग निम्म्यांना स्वतःच्या आवडीचं संगीत आणि निम्म्यांना शांतता. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांइतकाच तोही उतरला, आणि वर त्यांना उभारी आल्यासारखं वाटलं. प्रयोग छोटा आहे आणि इलेक्ट्रोवर नाही, पण माझा अनुभव याच्याशी जुळतो. चिडलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हटलं की तो आणखी चिडतो. त्याच्याइतकंच तापलेलं काहीतरी त्याच्या बाजूला येऊन उभं राहिलं, तर त्याला सोबत मिळते.

या यंत्रांचा एक धागा मुंबईतूनही जातो, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोलंडचं टीबी-३०३ हे छोटं बास मशीन गिटार वाजवणाऱ्यांना साथीसाठी काढलं होतं आणि त्या कामात ते सपशेल पडलं. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याची बटणं फिरवून चिरका, वळवळता आवाज काढला आणि ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्मला. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजीत सिंग यांनी मुंबईत तेच मशीन आणि ८०८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चकित झाले. शिकागोच्या मुलांनी ती ऐकली होती असं म्हणायला काही आधार नाही, आणि चरणजीतजींना मोठं ठरवायला त्या दाव्याची गरजही नाही. शिस्तीत चालणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर स्वर वळवळू द्यायचा, हे त्यांना स्वतःच्या वाटेने सापडलं होतं.

आता अडचणीच्या जागेकडे. डॉल्बी. सांगली-कोल्हापूरकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला हेच म्हणतात. मग तिथला दणका आणि क्लबमधला दणका यात फरक काय? मिरची स्वतः खाणं आणि कुणीतरी ती तुमच्या डोळ्यात टाकणं, इतका. वर सांगितलेली सगळी मजा ‘मला धोका नाही’ या खात्रीवर उभी आहे, आणि ती खात्री येते स्वतः निवडल्यामुळे, हवं तेव्हा उठून जाता येतं यामुळे. मिरवणुकीच्या वाटेवरच्या घरात अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ही मुभा नसते. त्याच्या शरीरासाठी तो आवाज म्हणजे खराच धोका. या संगीतावर माझं प्रेम आहे म्हणूनच ते कुणावर लादलेलं मला बघवत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर आहे, तो याच माणसासाठी आहे.

आणि निवडून ऐकणाऱ्यांनीही कान जपायलाच हवेत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो असं सर्वसाधारणपणे मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १००ला फक्त पंधरा मिनिटं. क्लबमधली रात्र त्याहून खूप लांब असते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात घालायचे इअरप्लग स्वस्त मिळतात. त्यांनी बास छातीत पोचायचा थांबत नाही, फक्त कानाला टोचणारा भाग कमी होतो.

तुम्ही हे कधीच ऐकलं नसेल आणि एकदा ऐकून बघावंसं वाटत असेल, तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर फक्त टोचणारे उपस्वर येतात, खालचा ठोका येतच नाही. म्हणजे भीती येते आणि भरवसा मागे राहतो. बरे हेडफोन घ्या, आवाज निम्म्यावर ठेवा. पहिलं मिनिटभर खरखरीकडे लक्षच देऊ नका, फक्त खालचा ठोका बोटाने धरा. बोट आपोआप चालायला लागलं की मग कान वर न्या, त्या गुरगुरणाऱ्या बासकडे. ‘वॉटर्स ऑफ नाझरेथ’ लावलं असेल, तर पुढे चर्चमधल्या ऑर्गनसारखे स्वर येतात, तेही डिस्टॉर्शनने भाजून निघालेले. तिथे बोट थांबवू नका.